पत्र कुणाचं, सही कुणाची?

कुंभिवली हे खालापूर तालुक्यातलं गाव. त्याचं नाव मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात कुठे सापडायचं नाही. पण नकाशा उघडून पाहिला, तर कर्जत, खालापूर, खोपोली हा बोरघाटाच्या पायथ्याचा सगळा टापू पुणे आणि मुंबई यांच्या मधोमध पडलेला दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत या दोन शहरांनी एक कामाची वाटणी करून घेतली होती. जहाल मजकूर लिहायचा आणि छापायचा पुण्यात, आणि त्यावरचा खटला चालायचा मुंबईच्या हायकोर्टात. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि त्यानंतर पुण्याची वर्तमानपत्रं, त्यांचे संपादक, त्यांचे वकील आणि त्यांचे जामीनदार असे सगळे याच घाटातून उतरले आणि चढले. चढणीची गाडी कर्जतला थांबे, तिला घाटाची जादा इंजिनं लागत, तेवढ्या वेळात फलाटावर एकाच्या हातातला अंक चौघांनी ऐकलेला असे.

‘ऐकलेला’ हा शब्द जाणूनबुजून वापरला. तेव्हाचं वर्तमानपत्र वाचणाऱ्यांपेक्षा ऐकणाऱ्यांचं जास्त होतं. कुंभिवलीसारख्या शेकडो गावांत अक्षर ओळखणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कुणी मास्तर, कुणी तलाठी, कुणी मुंबईला नोकरीला असलेला गावकरी आठवड्याचा अंक घेऊन यायचा आणि देवळात किंवा चावडीत मोठ्याने वाचायचा. वाचणारा जरा रंगेल असला, तर बातमीला आवाजाची फोडणी मिळे. आणि छापलेल्या गोष्टीवर संशय घ्यायचा असतो, ही कल्पना अजून कुणाला शिवलीही नव्हती. पोथी छापलेली असते, पंचांग छापलेलं असतं. मग वर्तमानपत्र तरी खोटं कसं असेल?

सनसनाटी वृत्तपत्रं म्हटलं की आपल्याला अमेरिका आठवते. न्यूयॉर्कचे पुलित्झर आणि हर्स्ट, त्यांच्या दोन पत्रांमधली खेचाखेच, पिवळा झगा घातलेल्या टकल्या पोराची ती चित्रं आणि त्यावरून पडलेलं ‘पीत पत्रकारिता’ हे नाव. १८९८ साली हवाना बंदरात ‘मेन’ ही अमेरिकन युद्धनौका स्फोटात बुडाली. तेव्हा कारण कळण्याआधीच स्पेनवर आरोप ठेवून त्या पत्रांनी युद्धाचा ओरडा केला, हे प्रसिद्धच आहे. आपल्याकडचा मामला निराळा होता. इथे संपादकाच्या मागे कोट्यधीश नव्हता आणि सनसनाटीचं बक्षीस खपापेक्षा तुरुंगाच्या रूपाने आधी मिळत असे. तरीही खळबळजनक मजकुराची चटक, ऐकीव गोष्टीवरचा भरवसा आणि कागदाची शहानिशा न करण्याची घाई, या बाबतीत पुणे न्यूयॉर्कच्या फारसं मागे नव्हतं.

घाई दोन्ही बाजूंना होती, हेही आधीच सांगून टाकायला हवं. मे १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या लोकांनी पनवेलजवळ पळस्प्याला दरोडा घातला. फडके मूळचे शिरढोणचे, म्हणजे आपल्याच भागातले. या दरोड्यानंतर लगेच, १३ मे रोजी, पुण्याच्या बुधवार वाड्याला आग लागली. मुंबईच्या इंग्रजी पत्रांना दोन घटनांची सांगड घालायला एक क्षणही लागला नाही. पुण्याच्या ब्राह्मणांचा कट! सरकारही त्याच संशयाने पछाडलं आणि न्यायमूर्ती रानड्यांची तडकाफडकी धुळ्याला बदली झाली. पुढे चौकशीत निघालं ते असं, की सरकारी पुस्तक डेपोतल्या एका नोकराने आपली अफरातफर झाकण्यासाठी आग लावली होती. माझी सगळी नोकरी बँकेत गेली. हिशेब तपासनीस येण्याच्या आदल्या रात्री रजिस्टरं जळणं हा प्रकार बँकवाल्यांना नवा नाही. पण बंडापेक्षा अफरातफर फारच नीरस, आणि नीरस गोष्टीवर अग्रलेख लिहिता येत नाही.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. माझ्या मते मराठी पत्रसृष्टीचं खरं वयात येणं या प्रकरणात आहे.

‘केसरी’ आणि ‘मराठा’ जानेवारी १८८१ मध्ये सुरू झाले. ‘केसरी’चे संपादक आगरकर, ‘मराठा’चे टिळक. दोघेही १८५६ साली जन्मलेले, म्हणजे पंचविशीतले. दोघेही न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवणारे, खिशात दमडी नाही आणि डोक्यात आग. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. जन्म १८६३ चा. राजाराम महाराज १८७० साली इटलीत फ्लॉरेन्स येथे वारले, त्यानंतर हा मुलगा दत्तक आला. त्याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे असं सरकारी डॉक्टरांचं म्हणणं पडलं आणि कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्या हाती गेला. महाराजांच्या दिमतीला ग्रीन नावाचा एक गोरा सोल्जर ठेवला होता. महाराज वेडे नाहीत, त्यांना वेडं ठरवलं जातंय, त्यांना मारहाण होते, अशा बातम्या कोल्हापुराहून बाहेर झिरपू लागल्या. शिवाजी हे नाव, कोल्हापूरची गादी आणि मारणारा गोरा शिपाई! महाराष्ट्रात याहून स्फोटक बातमी कुठली असणार?

‘केसरी’ आणि ‘मराठ्या’ने हा विषय लावून धरला. मग नाना भिडे नावाचे गृहस्थ काही पत्रं घेऊन पुढे आले. ही पत्रं दिवाण बर्व्यांनी लिहिलेली आहेत आणि त्यांत महाराजांविरुद्धचा कट उघड होतो, असा दावा होता. संपादकांनी त्या पत्रांवर विश्वास ठेवला आणि त्यांच्या आधारे लिहिलं. ‘ज्ञानप्रकाशा’नेही हात मागे घेतला नाही. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद ठोकली. आणि हायकोर्टात ती पत्रं बनावट ठरली.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. बँकेत नमुना सहीचं कार्ड नावाची एक साधी गोष्ट असते. शंभर रुपयांचा चेक आला, तरी कारकून ते कार्ड काढून सही ताडून पाहतो. शंका आली तर चेक परत. खातेदार समोर उभा राहून ओरडत असला तरी परत. हे काम कंटाळवाणं असतं आणि ते करणाऱ्याचं कुणी कौतुक करत नाही. टिळक आणि आगरकर यांची बुद्धी वादातीत होती. एक गणिती, दुसरा तर्कशास्त्राचा अभ्यासक. पण हाती आलेला कागद आपल्याला हवं तेच सांगत असला, की त्याखालची सही तपासायचं भान भल्याभल्यांना राहत नाही. उलट जो तपासायला सांगतो त्याचाच संशय येतो.

दोघांनी कोर्टात माफी मागितली. तरी १७ जुलै १८८२ रोजी चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात टिळकांचा सव्विसावा वाढदिवस सहाव्या दिवशीच आला आणि गेला. २६ ऑक्टोबरला दोघे सुटले. एकशे एक दिवस झाले होते. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावातच तो आकडा घातला. तुरुंगातल्या कोठडीत हे दोघे मित्र किती वाद घालत, हे त्या पुस्तकात वाचायला मिळतं. पुढे ज्या मतभेदांनी त्यांची फाटाफूट झाली, त्यांची बीजं तिथेच रुजत होती म्हणायची.

या प्रकरणातली मला सर्वांत लोभस वाटणारी गोष्ट जामिनाची आहे. हे दोन तरुण ब्राह्मण संपादक जामिनासाठी अडून पडले, तेव्हा धावून आले ते जोतीराव फुले. त्यांनी रामशेट उरवणे यांना जामीन राहायला सांगितलं. फुल्यांवर चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने कोणत्या भाषेत टीका केली होती हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कृतीची उंची कळेल. आणि सुटकेनंतर मुंबईत जे स्वागत झालं, त्यात ‘दीनबंधू’चे नारायण मेघाजी लोखंडे पुढे होते. पुढच्या काळात या मंडळींमध्ये जे काही झालं ते झालंच. पण त्या दिवशी लोखंड्यांना दिसलं ते एवढंच, की दोन पत्रकार एका संस्थानिकाची बाजू मांडताना तुरुंगात गेले.

आणि गंमत, गंमत तरी कशी म्हणावी, पुढेच आहे. पत्रं खोटी होती. पण छळ? २५ डिसेंबर १८८३ रोजी, म्हणजे संपादक सुटल्यावर जेमतेम चौदा महिन्यांनी, चौथे शिवाजी महाराज अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, मरण पावले. तिथे त्यांना ठेवण्यात आलं होतं. त्या दिवशी ग्रीनशी त्यांची झटापट झाली होती. पानथरी फुटून मृत्यू आला, असं तपासात निघालं. वय अवघं वीस.

म्हणजे ज्या बातमीसाठी संपादक तुरुंगात गेले, तिचा गाभा खरा होता आणि पुरावा खोटा होता. खोट्या पुराव्याने खऱ्या तक्रारीचा किती घात केला याचा हिशेब कोण मांडणार? बर्व्यांची पत्रं कोर्टात बनावट ठरली, त्या क्षणापासून महाराजांच्या हालांबद्दल बोलणारा प्रत्येक माणूस खोटारड्यांच्या रांगेत जाऊन बसला. संपादकांना एकशे एक दिवसांनी दार उघडलं. नगरच्या त्या मुलाला नाही. या प्रकरणावर आपल्याकडे जे लिहिलं गेलंय त्यातलं बहुतेक टिळक आणि आगरकरांच्या तुरुंगवासाबद्दल आहे. महाराजांवर एखादा परिच्छेद येतो आणि जातो.

इतक्या गंभीर प्रकरणानंतर पुणेकर शहाणे झाले असतील असं वाटेल. छे! १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, या विक्षिप्त गृहस्थांनी शहरातल्या मान्यवरांना बोलावलं. व्याख्यानानंतर मिशनऱ्यांकडून चहा आणि बिस्किटं पुढे आली. कुणी प्याले, कुणी नुसता कपाला हात लावला, कुणी तसेच उठले. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. मग जोशीबुवांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापवून आणली. झालं! ख्रिस्त्याच्या हातचा चहा! शहरात दुसरा विषय उरला नाही. काहींनी फिर्यादी केल्या, प्रकरण शंकराचार्यांच्या चौकशीपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. खरं सांगायचं तर आजच्या कुठल्याही चटकदार पुरवणीला हेवा वाटावा अशी ही बातमी होती. तीत गुन्हा नाही, मृत्यू नाही, पैसा नाही. फक्त एक यादी. घराघरांत सासवा-सुनांमध्ये, विहिणी-विहिणींमध्ये या यादीने काय उलथापालथ केली असेल, त्याची कल्पनाच करावी. रमाबाई रानड्यांच्या आठवणी ज्यांनी वाचल्या असतील त्यांना ती थोडीफार करता येईल.

व्यंगचित्रांचा विचार या पार्श्वभूमीवर करायला हवा.

राजकीय व्यंगचित्राचं आपल्याकडचं घराणं लंडनच्या ‘पंच’चं. ते साप्ताहिक १८४१ साली निघालं. १८५७ मध्ये त्यात जॉन टेनिएलने काढलेलं चित्र आलं. ब्रिटिश सिंह बंगालच्या वाघावर झेप घेतोय आणि वाघाखाली एक बाई आणि मूल पडलंय. हाच टेनिएल पुढे ‘ॲलिस’च्या गोष्टीची चित्रं काढून लहान मुलांचा लाडका झाला. त्या एका चित्राने इंग्लंडमधल्या लोकांच्या मनात सुडाची जी भावना चेतवली असेल, ती दहा भाषणांनी चेतवली नसती. अमेरिकेत १८७१ च्या सुमारास टॉमस नास्टने न्यूयॉर्कच्या ट्वीड नावाच्या भ्रष्ट पुढाऱ्याला चित्रांनी बेजार केलं. माझे मतदार वाचू शकत नाहीत, पण चित्रं त्यांना दिसतात, अशी या ट्वीडची तक्रार होती म्हणून सांगतात. पुढे तो स्पेनला पळाला, तर तिथे नास्टच्या चित्रावरून ओळखला गेला, अशीही कथा आहे.

आपल्याकडे मुंबईत पारशांनी १८५४ सालीच ‘पारसी पंच’ काढलं. पुढे ते बरजोरजी नवरोजींकडे आलं आणि १८८८ पासून ‘हिंदी पंच’ झालं. भाषा गुजराती, चित्राखाली इंग्रजी मजकुराची जोड. लंडनच्या बाकदार नाकाच्या पंचाचा तिथे ‘पंचोबा’ झाला होता. हे बारसं मला फार आवडतं. कुठलाही परका माणूस आपल्या पंगतीत बसवायचा, तर आधी त्याला ‘बा’ लावायचा! काँग्रेसची अधिवेशनं, सरकारचे कर, म्युनिसिपालटीचे घोळ, सगळ्यांवर या पंचोबाची नजर असे. लखनौला १८७७ मध्ये मुन्शी सज्जाद हुसेन यांनी उर्दूत ‘अवध पंच’ काढलं. आणि मराठीत ठाण्याहून ‘हिंदुपंच’ निघत असे. या साप्ताहिकाचा कल उपरोधाकडे आणि टिंगलीकडे. त्या काळी कर्जत तालुकाही ठाणे जिल्ह्यातच मोडत होता. म्हणजे घाटाखालच्या लोकांच्या दृष्टीने पुण्याचा ‘केसरी’ परगावचा आणि ‘हिंदुपंच’ घरचा.

मग मराठीत चित्रांची परंपरा तेव्हा का बहरली नाही? चित्रकार नव्हते असं नाही. पुण्यात चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये चित्रशाळा निघाली होती आणि तिने छापलेल्या नाना फडणविसांच्या, देवादिकांच्या रंगीत तसबिरी घरोघर लागल्या होत्या. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांनी घाट चढून लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. शिळाप्रेसचं तंत्र या मंडळींच्या हातात होतं. पण शिळेवर उलटं चित्र काढायचं, एकेक रंग वेगळ्या दगडावरून चढवायचा, हे काम वेळखाऊ आणि खर्चिक. लक्ष्मीची तसबीर वर्षानुवर्षं विकली जाते. गव्हर्नरचं विडंबन पुढच्या आठवड्यात शिळं होतं. दोन-तीन कंपोझिटर आणि एक हातयंत्र एवढ्यावर चालणाऱ्या साप्ताहिकाला हा व्यवहार परवडणारा नव्हता.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मराठी संपादक चित्र काढतच होते, फक्त शब्दांत काढत होते. १८७८ मध्ये लिटनसाहेबाने देशी भाषांतल्या पत्रांवर कायदा लादला. तो १८८२ मध्ये रिपनने उठवला, पण राजद्रोहाचं कलम १८७० पासून होतंच. सरळ बोललं की अडकायची भीती. त्यामुळे पौराणिक किंवा ऐतिहासिक पात्र उभं करायचं आणि त्याच्या तोंडून आजचं बोलायचं, ही युक्ती रूढ झाली. कीचक म्हटलं की कोण, द्रौपदी म्हटली की कोण, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नसे. चावडीवर कीर्तनं ऐकून तयार झालेला तो श्रोता होता. रस्त्यावरही व्यंगचित्रं निघत, हेही विसरून चालणार नाही. आगरकर जिवंत असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. कागद नाही, शाई नाही, पण हे व्यंगचित्र नाही तर दुसरं काय? त्यातल्या क्रौर्याबद्दल बोलायलाच नको. डोंगरीच्या कोठडीतल्या दोघांपैकी एकाच्या वाट्याला हे आलं.

अशाच शब्दचित्राचा निकाल १८९७ मध्ये लागला. त्या वर्षी पुण्यात प्लेगने कहर मांडला होता. रँड हे प्लेग कमिटीचे प्रमुख आणि घरं तपासायला गोरे सोल्जर. देवघरात, माजघरात बूट घालून शिरणं, बायकांना रस्त्यावर उभं करणं, सामान जाळणं, या गोष्टींनी शहर हादरलं होतं. गावं सोडून माणसं पळत होती, स्टेशनांवर उतारूंच्या तपासण्या चालू होत्या आणि आगगाडीतून प्लेगच्या बरोबरीने अफवाही प्रवास करत होत्या. १५ जूनच्या ‘केसरी’त शिवाजी उत्सवाच्या भाषणांचा वृत्तांत आला, अफझलखानाच्या वधाबद्दलचं विवेचन आलं, आणि एक कविता आली. तीत शिवाजी महाराज जागे होतात आणि आपल्या राज्याची झालेली दशा पाहून बोलतात. नीट पाहिलं तर हे मथळ्यासकट एक व्यंगचित्रच आहे, फक्त रेषा काढायच्या राहिल्यात. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या.

‘टाइम्स ऑफ इंडिया’त टोपणनावाने एक पत्र छापून आलं आणि ‘केसरी’तल्या त्या मजकुराकडे बोट दाखवलं गेलं. पुन्हा पत्र, पुन्हा सही नाही! जुलैअखेर टिळकांना मुंबईत अटक झाली. सप्टेंबरात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. सरकारबद्दल प्रीती नसणं म्हणजेच अप्रीती, असा अर्थ त्यांनी ज्युरीला समजावून सांगितला. नऊ ज्युरर, त्यांत सहा युरोपियन आणि तीन हिंदी. सहांनी दोषी म्हटलं, तिघांनी निर्दोष. १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची सक्तमजुरी. मराठी कवितेचं इंग्रजी भाषांतर करून तीतला अफझलखान कोण हे ठरवण्यात कोर्टाचा बराच वेळ गेला. चावडीवरच्या श्रोत्याला जे विचारावं लागत नव्हतं, ते कोर्टाला विचारावं लागलं एवढाच फरक.

त्याच दिवसांत दुसरी एक गोष्ट घडली आणि तिची आठवण फारशी काढली जात नाही. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. पुण्याहून त्यांना मित्रांची पत्रं गेली. सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या हकिकती त्या पत्रांत होत्या. गोखल्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला त्या सांगितल्या आणि पार्लमेंटपर्यंत खळबळ उडाली. मुंबईला परतल्यावर सरकारने पुरावा मागितला. पत्रं लिहिणाऱ्यांपैकी कुणी पुढे यायला तयार नव्हतं. त्यांची नावं सांगायची नाहीत, असं गोखल्यांनी ठरवलं होतं. ऑगस्टमध्ये त्यांनी बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांची छी थू झाली. भित्रा म्हणून टवाळी झाली.

१८८२ मध्ये हे गोखले सोळा वर्षांचे होते आणि नेमके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. बर्वे प्रकरणाचा सगळा तमाशा त्यांनी जवळून पाहिला असणार. पत्रावर विसंबलं की काय होतं हे पाहिलेला हा मुलगा पंधरा वर्षांनी त्याच खड्ड्यात पडला. त्याची पत्रं बनावट नव्हती. मित्रांचीच होती. सहीही खरी, माणसंही खरी. पण ती माणसं खात्याला उभी राहिली नाहीत, तर सहीचा उपयोग काय? आणि इथेही तेच. सोल्जरांचा जुलूम खोटा नव्हता. पुराव्यानिशी सांगता येण्याइतका तो भरपूर होता. जे सिद्ध करता येत नव्हतं तेच छापलं गेलं, आणि जे सिद्ध करता आलं असतं त्यावरही पाणी पडलं. गोखल्यांच्या माफीत मला भित्रेपणा दिसत नाही. ज्यांनी घरात बसून पत्रं लिहिली आणि वेळ आल्यावर दार लावून घेतलं, त्यांना कुणी भित्रं म्हटल्याचं मी वाचलेलं नाही.

या माफीने गोखल्यांची पाठ कधी सोडली नाही. १९०८ मध्ये टिळकांना पुन्हा राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेण्यात आलं. टिळकांवर खटला भरायला गोखल्यांनीच सरकारला चिथावलं, असा मजकूर ठाण्याच्या ‘हिंदुपंचा’त आला. पुरावा काहीच नव्हता. एरवी टिंगलटवाळी गिळून टाकणाऱ्या गोखल्यांनी १९०९ मध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि जिंकला. कोपरखळ्या मारणाऱ्या पंचाला लोक मोकळीक देतात, कारण त्याने फुगवून सांगितलं आहे हे चित्रातल्या मोठ्या नाकावरून कुणालाही कळतं. ‘हिंदुपंचा’ने नाक मोठं काढलं नव्हतं. बातमी म्हणून सांगितलं होतं.

टिळकांची पाळी त्याच्याही नंतर आली. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० साली पुस्तक लिहून त्यांना हिंदुस्थानातल्या असंतोषाचे जनक ठरवलं आणि खुनांची जबाबदारी त्यांच्या माथी मारली. या वेळी फिर्यादी टिळक होते. डोंगरीत अब्रुनुकसानीबद्दल कैद भोगून आलेला माणूस आपल्या अब्रूसाठी १९१८ मध्ये लंडनला गेला. फेब्रुवारी १९१९ मध्ये निकाल विरुद्ध लागला आणि चिरोलचा खर्चही डोक्यावर बसला. तो भरून काढायला महाराष्ट्रात वर्गणी निघाली. ती देणाऱ्यांपैकी कितींनी चिरोलचं पुस्तक वाचलं होतं, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही.